माध्यमिक शाळेतील संगणक शिक्षण : यंत्राचा खर्च आणि शिक्षकाचा खर्च



शाळेला देणगी देण्याचा विषय निघाला की अलीकडे पहिले नाव संगणकाचे येते. एके काळी वर्गखोली, पाण्याची टाकी, ग्रंथालयाचे कपाट यांना जो मान होता तो आता संगणक कक्षाला प्राप्त झाला आहे. यात अनुचित काही नाही. परंतु दारावर दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी लागली, फीत कापली गेली, छायाचित्र निघाले, म्हणजे माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचे शिक्षण सुरू झाले असा जो समज समाजात रूढ झाला आहे, तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पाद्वारे १९८४-८५ साली सुमारे अडीचशे शाळांना ब्रिटिश बनावटीची बीबीसी मायक्रो यंत्रे मिळाली. पुढे डिसेंबर २००४ मध्ये खास माध्यमिक शाळांसाठी ‘आयसीटी ॲट स्कूल्स’ ही योजना आली व २०१० मध्ये तिच्यात सुधारणा झाली. महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी ती ‘बूट’ पद्धतीने राबविली. खाजगी कंपनीने यंत्रे बसवावीत, आपला निदेशक नेमावा, पाच वर्षे कक्ष चालवावा आणि मुदत संपताच यंत्रे शाळेच्या स्वाधीन करावीत, अशी ही पद्धत.

येथे उपस्थित असलेल्या व्यापारी बंधूंनी या व्यवहाराचा हिशेब करून पाहावा. त्या वर्षांत आयकर नियमांनुसार संगणकावर साठ टक्के घसारा मिळत असे. घटत्या बाकीच्या पद्धतीने एक लाख रुपयांचा संच पाच वर्षांनी वहीत अवघा १,०२४ रुपयांचा उरतो. २०१७ पासून हा दर चाळीस टक्के झाला, तरी शिल्लक ७,७७६ रुपयेच भरते. कापडाचा ताका पाच वर्षे फडताळात पडून राहिला तरी कटपीसच्या भावाने का होईना खपतो. संगणकाला तेवढेही भाग्य नाही. शाळेच्या हाती वस्तू आली ती या अवस्थेत, आणि ती चालविणारा निदेशक कंत्राटी असल्यामुळे त्याचे काम मुदतीबरोबरच संपले. शाळेच्या स्वतःच्या शिक्षकांपैकी कोणी तयार झालेला नसेल, तर त्या कक्षाला कुलूप लागण्यावाचून दुसरे काय होणार?

केरळ राज्याने निराळा मार्ग धरला. २००१ साली तेथे ‘आयटी ॲट स्कूल’ हा उपक्रम सुरू झाला. त्याचा भर गणित, विज्ञान, भाषा शिकविणाऱ्या शाळेतील नित्याच्या शिक्षकांनाच प्रशिक्षण देण्यावर होता. २००५ पासून दहावीला हा विषय अनिवार्य झाला आणि त्याची प्रात्यक्षिक परीक्षा होऊ लागली. परवान्याचे शुल्क नसलेली मुक्त प्रणाली स्वीकारल्यामुळे तो खर्च वाचला, आणि मल्याळम भाषेतून शिकण्याची सोयही झाली. यंत्रे तेथेही जुनी झाली व बदलली गेली. परंतु शिकविणारे शिक्षक शाळांचेच होते.

शिक्षक मिळाला तरी त्याने शिकवावे काय, हा प्रश्न उरतोच. इंग्लंडमध्ये या विषयाचा अभ्यासक्रम जानेवारी २०१२ मध्ये सदोष ठरविण्यात आला. केवळ तयार कार्यक्रम वापरण्यापुरता तो उरला होता, अशी टीका झाली. सप्टेंबर २०१४ पासून त्याच्या जागी संगणनाचा विषय आला. आपल्याकडेही कोणते बटण कोठे आहे हे पाठ करवून घेण्याची रीत पुष्कळ दिसते. पुढच्या आवृत्तीत ते बटण जागेवरून हलते आणि पाठांतर व्यर्थ जाते.

त्यापेक्षा नववीच्या विद्यार्थ्याला रोजमेळ लिहावयास द्यावा. प्रथम कागदावर तारीख, जमा, नावे, शिल्लक असे रकाने आखावेत; मग तेच संगणकावर मांडावेत आणि मागील शिल्लक अधिक जमा वजा नावे हे सूत्र त्यानेच लिहावे. तीन तारखेची एक रक्कम बदलताच महिनाअखेरपर्यंतच्या सर्व शिल्लका बदलतात, हे पाहिलेला मुलगा सूत्राचे मर्म विसरत नाही. नंतर शिक्षकाने मुद्दाम एक चुकीचा आकडा भरावा. यंत्र काहीही तक्रार न करता चुकीचे उत्तर नीटनेटके छापून देते. हा पाठ तर वडीलधाऱ्यांनीही घ्यावा असा आहे! आणखी एक साधी गोष्ट: एका यंत्रापुढे तीन मुले बसली तर ज्याच्या हाती माऊस तोच शिकतो, बाकीचे दोघे प्रेक्षक. दर दहा मिनिटांनी जागा बदलण्याचा दंडक असावा.

मराठी टंकलेखनाची आपल्याकडे फारच उपेक्षा झाली. जुन्या फाँटमध्ये जुळविलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो, हा अनुभव अनेक संपादकांना असेल. युनिकोडने ही अडचण दूर केली आहे. इनस्क्रिप्ट कळफलकात स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला असतात, आणि मराठीतील ‘क’ ज्या कळीवर, त्याच कळीवर गुजराती व कन्नड ‘क’ असतो. एकदा बोटे बसली की घरची भाषा आणि शाळेची भाषा दोन्ही हाती येतात.

मोबाईलवरून पैसे देण्याची यूपीआय पद्धत २०१६ साली आली. पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, ही एवढीच गोष्ट न ठाऊक असल्याने लोक फसतात. आठवीच्या वर्गात अर्धा तास दिला तर ती मुलामार्फत आजीपर्यंत पोहोचते.

तेव्हा संगणकासाठी देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी रकमेचा एक भाग कायम ठेवीत गुंतवून तिचे व्याज शाळेतील दोन शिक्षकांच्या वार्षिक प्रशिक्षणासाठी, बॅटरी व दुरुस्तीसाठी राखून ठेवण्याची अट घालावी. हा उद्देश देणगीपत्रातच स्पष्ट लिहावा, म्हणजे ती रक्कम अन्य कामाकडे वळविली जाणार नाही. पाटीवर नाव कोरताना त्या शिक्षक-निधीचाही उल्लेख करण्यास हरकत नसावी.