चित्रांतून सहकार्याचा संस्कार



भीमा-अमरजा संगमाच्या गाणगापुरात कन्नड व मराठी या भाषा शेजारी नांदतात. येथील अंगणवाडीत सहकार्याचा पहिला पाठ द्यावयाचा, तर तो चित्रपुस्तकातून देणे सोयीचे. कारण चित्र वाचण्यास लिपी लागत नाही.

पंचतंत्रातील कबुतरांचेच उदाहरण घ्यावे. जाळ्यात सापडलेली कबुतरे एकेकटी धडपडती, तर एकही सुटते ना. चित्रग्रीव राजाच्या सांगण्यावरून ती जाळ्यासह एकदम उडाली. पुढे मूषक हिरण्यक पाश तोडू लागला, तेव्हा राजाने आधी अनुचरांचे पाश तोडावयास सांगितले. ‘एकीने वागा’ हा उपदेश बालकाच्या कानावरून जातो. जाळ्यासह उडणारा थवा त्याच्या मनात राहतो.

१९५७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय पुस्तक न्यासाच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालेत एकच चित्रपुस्तक अनेक भारतीय भाषांत निघते. मात्र फाटेल या भीतीने पुस्तक कपाटात ठेवले, तर हा खर्च व्यर्थ होय. ते मुलांच्या हाती द्यावे. चित्र पाहून एक मूल ‘कबुतर’ म्हणेल, दुसरे ‘पारिवाळ’ म्हणेल. शिक्षिकेने दोन्ही शब्द सर्वांकडून म्हणवून घ्यावेत. नंतर मोठी सतरंजी सर्वांनी मिळून उचलावी. गोष्टीचा अर्थ तेथे हातांना कळतो. शेजाऱ्याचा शब्द लहानपणी आपलासा झाला, की पुढे शेजारीही परका राहत नाही.