भित्र्या कुत्र्याचा घास

भ्यालेल्या कुत्र्यास खाऊ दिल्याने त्याची भीती बळावते, हा समज निराधार आहे. सशाला भिणाऱ्या एका बालकास आवडीचे खाद्य देत देत, ससा क्रमाक्रमाने जवळ आणून, मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ विदुषीने त्याचे भय घालविल्याचा वृत्तान्त १९२४ सालीच प्रसिद्ध झाला आहे. कुत्र्याच्या बाबतीतही, अनोळखी पाहुणा दुरून दृष्टीस पडताच उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा जमिनीवर टाकावा. आधी पाहुणा, मग घास, हा क्रम मोडू नये. आमिष दाखवून त्यास पाहुण्याच्या हातापर्यंत ओढणे मला सर्वथा गैर वाटते, कारण घास संपताच तो बिचारा भानावर येऊन अधिकच दचकतो. घास नाकारला, तर अंतर अपुरे असल्याची ती बहुधा फिर्यादच समजावी आणि पाहुण्यास तत्काळ मागे सरावयास सांगावे.