गिरणीचा फोन आला, तर?

गावाबाहेरच्या आमच्या मसाला गिरणीला सिमकार्डवाला अलार्म आहे. बसवणाऱ्याने त्यात माझा एकटीचाच नंबर घातला. एका रात्री कुलूप तुटलं, अलार्मने मला फोनही केला. पण माझा फोन सायलेंटवर! मिरचीची दोन पोती गेली.

आता पहिला नंबर जवळच्या वस्तीवरच्या काकूंचा, मग माझा, मग अध्यक्षताईंचा. अलार्मचा नंबर तिघींनी ‘गिरणी’ नावाने सेव्ह केलाय. रात्री सायलेंटऐवजी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावायचं आणि त्यात ‘गिरणी’ला परवानगी द्यायची, मग तेवढाच फोन वाजतो. आणि हो, अलार्मच्या सिमचंही रिचार्ज संपतं बरं! तारीख गटाच्या वहीत लिहा. बैठकीच्या दिवशी आम्ही मुद्दाम अलार्म वाजवून बघतो. परवा काकूंनी उचललाच नाही. भाकऱ्या थापत होत्या म्हणे.