मोरी तुंबली की रस्ता गेला

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



पत्रिकेवर विषय छापलाय 'राज्य महामार्ग : विकास आणि व्यवस्थापन'. विकासावर बोलायला मंत्री आहेत, फीत कापायलाही तेच आहेत. मी सार्वजनिक बांधकाम खात्यात तीस-पस्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी खड्ड्यांच्या काठावर उभं राहून. तेव्हा मी पत्रिकेतल्या दुसऱ्या शब्दाला धरून बोलणार आहे.

घरी जाताना रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड बघा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर आपला राज्य महामार्ग. रस्त्यांची ही उतरंड १९४३ साली नागपूरला ठरली. प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते तिथं जमले होते. शेतीच्या मुलखातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब असू नये, हा त्यांचा हिशेब.

पैशाचा विचार त्याआधीच झाला होता, आणि तो करणारा आपलाच माणूस. पुण्यात शिकलेल्यांना विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय ठाऊक असेल. त्याच बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्त्यांसाठी समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीतून १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा बसले आणि ते रस्त्यांच्या वेगळ्या निधीत जाऊ लागले. कल्पना अगदी साधी होती: रस्ता जो झिजवतो, त्यानं भरावं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. १९९६ला रस्ते विकास महामंडळ निघालं, २००२ला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला, २०२५च्या जूनमध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी. टोलवरून रान पेटलं, तेव्हा २०१५ साली सरकारनं १२ नाके बंद केले आणि आणखी ५३ नाक्यांवर मोटारी नि एसटीला सूट दिली. टाळ्या पडल्या. पण टोल गेला म्हणून खर्च जात नाही, तो तुमच्याच तिजोरीतून जातो. माझं म्हणणं असं, की आपल्याकडे नव्या रस्त्याला पैसा मिळतो आणि जुन्याला 'तरतुदीच्या अधीन राहून' मिळतो.

पूर्वी रस्त्याच्या ठरलेल्या तुकड्यावर एक मैलकुली असे. फावडं, घमेलं, कुदळ आणि वर हजेरी घेणारा मुकादम, एवढंच त्याचं खातं. नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात असा एक म्हातारा मला भेटला. मी जीपमध्ये नकाशा धरून बसलेलो, तो डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन रस्त्याच्या कडेनं चाललेला. डांबरावर डबकं साचलं होतं, कारण साईडपट्टीचा मुरूम रस्त्यापेक्षा उंच झाला होता. त्यानं पायताणाच्या टाचेनं मुरुमात एक रेघ ओढली. डबकं दोन मिनिटांत रिकामं. मला म्हणाला, "सायेब, रस्ता उन्हात बघायचा नसतो."

माझं सगळं अभियांत्रिकी शिक्षण त्या एका वाक्यात बसतं. रस्ता मधे उंच नि कडांना उतरता करतात तो याचसाठी. पाणी डांबराखाली शिरलं की खडीची पकड सुटते. खाली काळी माती असेल तर ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मग वरून चाक जातं. चाकाचं गणित भलतंच निर्दयी आहे. आसावरचा भार दुप्पट झाला, तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, ढोबळमानानं सोळापट होते. २०१८ साली मालट्रकच्या एका आसावरची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वाढ दिसते सव्वा टनाची. पूर्ण भरलेल्या आसानं होणारी रस्त्याची झीज मात्र दीडपटीहून जास्त. उसाच्या डबल ट्रॉल्यांविषयी या जिल्ह्यात मी काय बोलावं?

मैलकुलीची पदं रिकामी होत गेली, भरली गेली नाहीत. आता कंत्राट आहे, दोषदायित्वाचा कालावधी आहे, म्हणजे ठरल्या मुदतीत रस्ता बिघडला तर दुरुस्ती कंत्राटदारानं करायची. कागदावर ही पद्धत वाईट नाही; काही रस्ते तिनं खरंच चांगले राहिले. पण पहिल्या सरीत रस्त्यावरून पायी हिंडणारा माणूस त्या करारात कुठेच नसतो.

आणि सगळा दोष खात्याच्या माथी मारूनही चालणार नाही. मुंबई महामार्ग अधिनियम १९५५चा. हमरस्त्याकडेच्या बांधकामाची रेषा तो आखून देतो. ती रेषा ओलांडून टपरी, टपरीचा धाबा आणि धाब्यासमोर भराव कुणी घातला? शेतात ट्रॅक्टर न्यायला चरात पाइप न टाकता दगडमाती लोटली, की वरच्या अर्ध्या किलोमीटरचं पाणी रस्त्यावर येतं. मी नोटिसा काढल्या आहेत. त्या घेऊन लोक आधी आमदारांकडे जायचे, मग माझ्याकडे.

मृगाला अजून तीन आठवडे आहेत. तुमच्या शेताच्या, दुकानाच्या किंवा मंगल कार्यालयाच्या तोंडाशी रस्त्याची मोरी बुजलेली असेल, तर या रविवारी ती मोकळी करा. माणसं दोन लागतील आणि एक फावडं.