प्रोग्रामर आणि हॅकर



संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे याच्या सूचना लिहितो तो प्रोग्रामर, आणि सूचना लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनी नसलेले काम त्याच यंत्रणेकडून करून घेतो तो हॅकर. या व्याख्येत गुन्ह्याचा उल्लेख नाही, आणि तो नसणेच योग्य आहे. 1950च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत, रेल्वेच्या प्रतिकृती चालवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मंडळात, हॅकर म्हणवून घेणे हा कल्पक कारागिरीचा मान समजला जाई.

उरण तालुक्यातील करंज्याच्या विद्यार्थ्यांना या भेदाचे उदाहरण आपल्या तालुक्यातच सापडते. जवाहरलाल नेहरू बंदरातील, मर्स्क या जहाजवाहतूक समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या कंटेनर टर्मिनलचे कामकाज जून 2017च्या अखेरीस विस्कळीत झाले, कारण नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्राम मर्स्कच्या जगभरच्या संगणकांत पसरला होता. त्याचा मूळ रोख युक्रेनवर होता, आणि तिथल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, म्हणजे प्रोग्रामरने सुधारणा पोचवण्यासाठी ठेवलेल्या वाटेनेच, तो आत शिरला. पुढे पसरताना त्याने विंडोजमधील ज्या दोषाचा फायदा घेतला, त्यावरचा पॅच, अर्थात दुरुस्तीचा कोड, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच उपलब्ध केला होता. तो दोष हेरणारे इटर्नलब्लू हे हत्यार तर अमेरिकेच्या सरकारी गुप्तचर यंत्रणेत घडलेले होते. नॉटपेट्याने ग्रासलेल्या संगणकाच्या पडद्यावर खंडणीची मागणी झळके, पण पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. मर्स्कला सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले.

नॉटपेट्या आणि इटर्नलब्लू लिहिणारे कसलेले प्रोग्रामरच होते, हे विसरता येत नाही. प्रोग्रामर यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालते का हे पाहतो, तर हॅकर ती ठरल्याबाहेर कुठवर जाते हे पाहतो. मालकाच्या परवानगीने असे पाहून दोष कळवणाऱ्यास एथिकल हॅकर म्हणतात, आणि परवानगीवाचून अप्रामाणिकपणे तेच करणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000च्या कलम 66नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

महाविद्यालयीन प्रकल्पात मात्र या दोन्ही भूमिका एकाच विद्यार्थ्याला घेता येतात: प्रवेशअर्जाचा प्रोग्राम लिहून झाल्यावर त्याने वयाच्या रकान्यात उणे आकडा आणि नावाच्या रकान्यात अवतरणचिन्ह भरून पाहावे, आणि मग तोच संगणक एखाद्या खोडकर मित्राच्या हाती द्यावा.