शर्यत पाहायला जावे का?

सिंगापूरच्या हौगांगमध्ये राहणाऱ्या मराठी पालकांपुढे प्रश्न असतो: मुलांची क्रॉस कंट्री स्पर्धा प्रत्यक्ष पाहावी, की निकाल फोनवर कळला तरी पुरे? माझे मत स्पष्ट आहे, जावे. या खेळात संघातल्या धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज होते आणि सर्वांत कमी बेरीज असलेला संघ जिंकतो. म्हणजे मधल्या गर्दीत एकीला मागे टाकणारी मुलगीही संघाला वर नेते. ही झुंज निकालपत्रकात दिसत नाही, ती वाटेच्या कडेला उभे राहूनच कळते.

धावपटू क्षणभरच दिसतो, हा आक्षेप खरा. पण हौगांगच्या आग्नेयेला, जिथे राष्ट्रीय शालेय स्पर्धा झालेल्या आहेत, त्या बेडोक जलाशयाभोवतीची वाट साधारण ४.३ किलोमीटरची आहे. सुरुवात पाहून शेवटचा टप्पाही गाठता येतो. उकाड्याचा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कडक उन्हात ३८ पैकी १५ जणांनीच क्रॉस कंट्री शर्यत पूर्ण केली होती. म्हणून वृद्धांनी आणि तान्ह्या बाळांनी घरीच थांबावे. इतरांनी प्रेक्षकांना प्रवेश आहे का, हे शाळेत विचारावे, टोपी आणि पाणी घेऊन जावे आणि शेवटचा धावपटू येईपर्यंत टाळ्या वाजवाव्यात.