असईचे स्वार



दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं आमचा गट करतो, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक आहे. महाराज, मावळे, तोफा, विहिरीवरची बाई, गुहेतला वाघ. श्रावणात साचे निघतात आणि वसुबारसेला काम संपतं. पुढे नऊ महिने हात रिकामे. म्हणून गेल्या माघात एक गुरुजी ऑर्डर घेऊन आले, तेव्हा त्यांचं बोलणं पूर्ण ऐकायच्या आधीच आम्ही हो म्हणालो. आज त्या घाईचीच गोष्ट सांगायची आहे.

गुरुजींनी जन्मभर इतिहास शिकवला. आता निवृत्त आहेत. त्यांना शाळेसाठी असईच्या लढाईचा देखावा टेबलावर मांडायचा होता. असई हे आपल्या जालना जिल्ह्यातलं गाव, केळणा आणि जुई या नद्यांच्या संगमाजवळचं. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी इंग्रजांची लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला प्रशियाच्या फौजेच्या जोडीने त्याने नेपोलियनचा पराभव केला.

वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं होतं की जवळपास नदीला उतार नाही. त्याने पाहिलं, दोन काठांवर दोन गावं अगदी समोरासमोर आहेत. मग मधे उतार असणारच, असं धरून तो गेला आणि उतार सापडला. हे ऐकून आमच्या गटातल्या आजी म्हणाल्या, "यात काय मोठं? गावं समोरासमोर असली की सोयरिकी होतात, नि लेकी काय उडून जातात होय माहेरी?"

गुरुजींना हवे होते चाळीस घोडेस्वार, एकाच पलटणीचे. तिचं नाव एकोणिसावी लाइट ड्रॅगून्स. म्हणजे हलक्या घोडदळाची गोरी पलटण. ती १७८२ मध्ये हिंदुस्थानात आली आणि वीस वर्षांहून जास्त दक्षिणेत राहिली. असईला गोऱ्या घोडदळाची ही एकच पलटण होती, बाकीच्या तीन मद्रासच्या, आपल्याच देशातल्या स्वारांच्या. शिंद्यांकडे सुमारे शंभर तोफा. त्यांचे गोलंदाज तोफेपाशी मेल्यासारखे पडून राहिले, इंग्रज पुढे गेल्यावर उठले आणि त्यांनी मागून पुन्हा तोफा डागल्या. घोडदळाचा पुढारी मॅक्सवेल त्या दिवशी मारला गेला. संध्याकाळपर्यंत इंग्रजांकडचीच दीड हजारावर माणसं मेली किंवा जखमी झाली. आपल्याकडचीही खूप.

गटाच्या बैठकीत पहिला वाद यावरच झाला. महाराजांची चित्रं करणाऱ्या हातांनी गोऱ्यांचे स्वार का करायचे? गुरुजी म्हणाले, समोर शत्रूच नसेल तर ते गोलंदाज कुणाशी लढले हे पोरांना कसं कळणार? ते पटलं. थोडं पैशांमुळेही पटलं, खोटं कशाला बोला.

आता तुम्ही विचाराल, हे स्वार तयार विकत मिळत नाहीत का? आम्हीही तेच विचारलं. गुरुजींनी आधी दोन वर्षं शोधून पाहिलं होतं. नेपोलियनच्या काळातल्या सैनिकांची छोटी चित्रं परदेशात हौशी लोक जमवतात, प्लॅस्टिकची, धातूची. पण बहुतेक सगळी वॉटर्लूच्या आसपासची. ही पलटण नावाने मिळाली तरी कपडे चुकीचे असतात. कारण हीच पलटण १८१३ मध्ये कॅनडात लढली, ती उंच टोपी घालून. इंग्लंडमध्ये हलक्या घोडदळाचा डगला गडद निळा, डोक्यावर केसाळ तुऱ्याचा टोप. हिंदुस्थानात मात्र उन्हापायी डगला फिक्या राखट निळ्या रंगाचा. असईला होता तो हा. पलटण एकच, कपडे तीन तऱ्हेचे, आणि आपल्याकडच्या लढाईचा तेवढा दुकानात नाही.

शिवाय माप. प्लॅस्टिकची पुष्कळ चित्रं बहात्तराव्या हिश्श्याची, म्हणजे उभा माणूस अडीच सेंटीमीटरसुद्धा नाही. शाळेतल्या शेवटच्या बाकावरून काय दिसणार? गुरुजींना बत्तिसाव्या हिश्श्याची हवी होती. त्यात माणूस साधारण सव्वापाच सेंटीमीटरचा होतो. आमचा मावळा याच्या दुप्पट. आम्हाला वाटलं, लहान म्हणजे सोपं, माती कमी लागेल.

घोड्याच्या पायांनी आम्हाला शहाणं केलं. आपल्या किल्ल्यावरचा घोडा आठवा, त्याच्या पोटाखाली झुडूप किंवा मातीचा ढिगारा असतो. तो शोभेसाठी नसतो, त्याच्यावर घोडा उभा असतो. इथे घोडे दौडत जाणारे हवे होते. पहिले सहा वाळताना मोडले. मग स्लॅब बांधताना वापरतात ती बारीक तार पायांतून घातली, माती शाडूची घेतली आणि गुडघ्यांना एम-सील लावलं. तलवारीसुद्धा तारेच्याच, टोक ठोकून चपटं केलेलं. त्यांची तलवार वाकडी आणि टोकाकडे रुंद, आपल्या तलवारीच्या जातीतली. ती मात्र पहिल्या फटक्यात जमली.

मधे एकीच्या भावाने सुचवलं, जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळवा आणि साच्यात ओता, मोडायचा प्रश्नच नाही. पूर्वी परदेशात खेळण्यातले शिपाई शिशाचेच असायचे, हे खरं. पण तिकडेही ते बंद झाले, कारण शिसं पोटात गेलं की लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो आणि पोटातल्या बाळालाही धोका असतो. बॅटरी फोडली की शिशाची धूळ उडते, चुलीवर ठेवली की वाफ. आमच्यात एक सून सहाव्या महिन्यात होती. विषय तिथेच बंद केला. तुमच्याकडे कुणी असं सुचवलं तर तुम्हीही करा.

आता आमची चूक. गोरा शिपाई म्हणजे लाल डगला, सिनेमात तसंच असतं. डगले लाल करायचे असं आमच्यातल्या एकीने बोलता बोलता म्हटलं आणि कुणीच थांबवलं नाही. गुरुजींनी दिलेला रंगाचा कागद पेटीत घडी घालून ठेवलेला. सव्वीस स्वार लाल झाले, वर वॉर्निशचा हात. गुरुजी आले, चष्मा पुसला आणि काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनीच वाट काढली. मद्रासच्या देशी घोडदळाचे डगले त्या वेळी लाल असत. म्हणून बारा स्वारांचे टोप खरवडून एम-सीलची पागोटी बसवली आणि चाळिसांतले बारा मद्रासचे झाले. उरलेले चौदा पॉलिशपेपरने घासले. घासताना तीन डोकी गेली. राखट निळा करायला पांढऱ्यात थोडा निळा आणि काडीच्या टोकाएवढा काळा. एका वेळी सगळ्यांसाठी लागेल तेवढा रंग कालवून बरणीत ठेवला, नाहीतर प्रत्येक स्वार वेगळ्या छटेचा होतो. कॉलर आणि बाह्यांची टोकं पिवळी. रंग ॲक्रिलिकचा, पोस्टर कलरवर ओला हात लागला की तो पसरतो.

पैशांचं सांगायचं राहिलं. दिवाळीच्या चित्राच्या अंदाजाने आम्ही स्वाराला नव्वद रुपये सांगितले होते. चाळिसांचे छत्तीसशे. सामानाला गटाच्या निधीतून दोन हजार उचलले. उरले सोळाशे. एका स्वाराला सगळ्या हातांचे मिळून तीन तास लागले, म्हणजे एकशे वीस तास. खरवडायचे दिवस धरलेच नाहीत तरी तासाला तेरा रुपये पडले. दिवसभर निंदायला गेलो असतो तर जास्त मिळाले असते. गुरुजींनीच एकदा सांगितलं होतं की जर्मनीत न्यूरेंबर्गकडे कथलाचे चपटे शिपाई व्हायचे आणि ते रंगवायचं काम बायका-मुलं घरी बसून नगावर करायची. त्यांना काय सुटत असेल, याचा विचार तेव्हा आम्ही केला नाही, हिशोबाच्या वहीसमोर बसल्यावर केला.

भाव वाढवून मागायचा का, यावर दोन बैठका गेल्या. चूक आपली, शब्द आपण दिलेला, असं निम्म्या जणींचं म्हणणं. आम्हालाही तसंच वाटत होतं. पण आजी उठल्या आणि म्हणाल्या, "लाल रंग आपली चूक. तीन तास ही चूक नाही, ती मेहनत आहे." मग गुरुजींना वही दाखवली. त्यांनी पेन्शनमधून स्वारामागे तीस रुपये वाढवून दिले. निधीचे दोन हजार त्याच महिन्यात परत भरले.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आम्ही देखावा बघायला गेलो. नदी निळ्या कागदाची, दोन्ही काठांवर समोरासमोर गावं. शिंद्यांच्या तोफांपाशी जागा मोकळीच होती. एका मुलाने विचारलं, "इथली माणसं कुठंयत?"

ती ऑर्डर आता आली आहे. गोलंदाज, पंचवीस. रंगाचा कागद या वेळी भिंतीला चिकटवलाय. भाव अजून सांगितलेला नाही. आधी एक गोलंदाज करून, घड्याळ समोर ठेवून बघतोय.